ओआरएम की थेट एसक्यूएल? सौदीच्या ई-बीजकाने पुन्हा पुढे आणलेला जुना वाद

धाहरान : सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातील धाहरान, अल खोबर आणि दम्माम ही तीन शहरे आता जवळपास एकमेकांत मिसळली आहेत. तेल कंपनीची कार्यालये, त्यांना यंत्रे व सुटे भाग पुरवणारे ठेकेदार, गोदामे आणि या साऱ्यांच्या संगणकप्रणाली सांभाळणारे अभियंते असा येथील संसार आहे. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून आलेले मराठी अभियंतेही त्यात आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला एक नवे काम आले, ते म्हणजे ई-बीजकाचे.

सौदीच्या जकात, कर व सीमाशुल्क प्राधिकरणाने ४ डिसेंबर २०२१ पासून इलेक्ट्रॉनिक बीजक सक्तीचे केले. (मराठीतील ‘जकात’ याच अरबी शब्दावरून आली, आपल्याकडे तिचा अर्थ नाक्यावरचा कर असा झाला, सौदीत मात्र ती आजही धार्मिक देणे आहे.) दुसरा टप्पा १ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला. प्रथम ३ अब्ज रियालांहून अधिक वार्षिक उलाढालीच्या कंपन्या आणि मग क्रमाक्रमाने लहान कंपन्या, अशा रीतीने कंपनीची प्रणाली प्राधिकरणाच्या प्रणालीशी थेट जोडली जाऊ लागली. एका कंपनीने दुसरीला दिलेले बीजक खरेदीदाराच्या हाती पडण्यापूर्वी प्राधिकरणाकडून मंजूर व्हावे लागते. किरकोळ ग्राहकाचे बीजक २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिवाय प्रत्येक बीजकात दोन गोष्टी असाव्या लागतात: एकेकाने वाढत जाणारा क्रमांक आणि आधीच्या बीजकाचा ‘हॅश’, म्हणजे त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. मधले एखादे बीजक नंतर बदलले की ठसा जुळत नाही आणि साखळी तुटलेली दिसते.

करसल्लागाराला हा नियम दोन वाक्यांत समजतो. तो प्रत्यक्षात उतरवायला बसलेल्या प्रोग्रामरसमोर मात्र त्याच्या व्यवसायातील एक जुना वाद उभा राहतो: डेटाबेसशी स्वतः एसक्यूएल लिहून बोलावे, की मधल्या थराला बोलू द्यावे?

हा मधला थर आला कोठून

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल डेटाबेसचा सिद्धान्त मांडला. माहिती टेबलांत ठेवावी, आणि ती कोठून व कशी शोधावी हे न सांगता केवळ काय हवे आहे तेवढेच सांगावे, ही त्यामागील कल्पना. त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा प्रसिद्ध केली, तीच पुढे एसक्यूएल झाली.

दरम्यान प्रोग्राम लिहिण्याची पद्धत वेगळ्या दिशेने गेली. जावा, सी शार्प, पायथॉन या भाषांत ‘ग्राहक’ ही एक वस्तू असते, तिच्या पोटात बीजकांची यादी असते आणि त्या प्रत्येकाच्या पोटात मालाच्या ओळी. डेटाबेसला ही पोटातली पोटे ठाऊक नसतात; त्याच्याकडे तीन सपाट टेबले असतात आणि त्यांना जोडणारे क्रमांक. एका बाजूच्या आकाराचे दुसऱ्या बाजूच्या आकारात रूपांतर करण्याचे कंटाळवाणे काम करणारे साधन म्हणजे ओआरएम. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी जावासाठी हायबरनेट सुरू केले. पुढच्या काही वर्षांत रूबीच्या रेल्समधील अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड, पायथॉनचे जँगो आणि एसक्यूएलअल्केमी, मायक्रोसॉफ्टचे एंटिटी फ्रेमवर्क अशी रांग लागली. २००६ मध्ये टेड न्यूअर्ड यांनी या साऱ्या खटाटोपाला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले. आरंभी सोपे यश मिळते आणि मग बाहेर पडता येत नाही, असा त्यांचा रोख होता. उपमा अतिशयोक्तीची असली, तरी चुकीच्या जागी नव्हती.

क्रमांक कोण देणार

आता बीजकाकडे वळू. एका ठेकेदार कंपनीत दोन कारकून एकाच क्षणी ‘जतन करा’ हे बटण दाबतात, असे समजा. शेवटचा क्रमांक ५२१७ आहे. ओआरएमच्या स्वाभाविक शैलीत लिहिलेला प्रोग्राम ही नोंद वस्तूच्या रूपाने स्मृतीत आणतो, तिच्यात एक मिळवतो आणि परत लिहितो. दोन्ही कारकुनांच्या प्रोग्रामांनी ५२१७ वाचले, दोघांनीही ५२१८ लिहिले. आता एकाच क्रमांकाची दोन बीजके झाली आणि दोन्हींत आधीचा ठसा तोच. साखळीला फाटा फुटला, आणि पडद्यावर मात्र कोणतीही त्रुटी दिसली नाही.

थेट एसक्यूएल लिहिणारा येथे एकच आज्ञा देईल: क्रमांक आहे त्यापेक्षा एकाने वाढव आणि नवा क्रमांक मला परत दे. वाढवणे डेटाबेसच्या आत होते. पहिल्याचे ट्रान्झॅक्शन पूर्ण होईपर्यंत दुसरा त्या ओळीपाशी थांबतो आणि मग त्याला ५२१९ मिळतो. नवा क्रमांक परत देण्याची सोय पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिघांतही आहे; शब्द तेवढे वेगळे.

ओआरएमला हे जमत नाही, असे मात्र नाही. हायबरनेटमध्ये ती नोंद कुलूप लावून वाचता येते. जँगोमध्ये ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ मागता येते, किंवा वाढ डेटाबेसमध्येच करण्याची सूचना देता येते. नोंदीवर आवृत्तीचा स्तंभ ठेवला, तर दुसऱ्याचे लेखन नाकारले जाते आणि प्रोग्रामने पुन्हा प्रयत्न करायचा असतो. पण यांपैकी काहीही मागण्यासाठी आपण काय मागत आहोत, हे ठाऊक असावे लागते. थर टंकलेखन वाचवतो. दोन ट्रान्झॅक्शने एकाच ओळीवर आली की काय घडते, हे ज्ञान तो वाचवत नाही, आणि ते ज्ञान नसलेल्याला थराच्या सुबक वाक्यरचनेत तो प्रश्न दिसतच नाही.

क्रमांक देण्यासाठी डेटाबेसच्या ‘सीक्वेन्स’चा आधार घेणेही मोहाचे असते. तेथे दुहेरी फसगत आहे. सीक्वेन्स वेगासाठी बनलेला असतो, सलग क्रमांकांसाठी नव्हे. ट्रान्झॅक्शन रद्द झाले तरी दिलेला क्रमांक परत जात नाही. ओरॅकल मुळात २० क्रमांक एकदम राखून ठेवते. एसक्यूएल सर्व्हरच्या स्वयंचलित क्रमांकात २०१२ च्या आवृत्तीपासून सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर हजारांची उडी दिसू शकते. त्यावर जावाच्या प्रमाणित ओआरएम नियमांनुसार थर स्वतःच्या हिशेबाने ५० क्रमांकांची गठडी उचलतो. प्रोग्राम बंद होऊन पुन्हा सुरू झाला की त्या गठडीतले उरलेले क्रमांक हवेत विरतात. ग्राहकाची किंवा मालाची आतली ओळख म्हणून असे क्रमांक उत्तम. कायद्याने सलग साखळी मागितली असेल, तेथे ते चालत नाहीत.

या कामातील आणखी एक खड्डा अनुभवी माणसांनाही चकवतो. जावाच्या स्प्रिंगमध्ये एखाद्या कार्यपद्धतीच्या डोक्यावर एक खूण केली, की ती संपूर्ण पद्धत एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. सोय मोठी आहे. मात्र त्याच पद्धतीच्या मध्यावर प्राधिकरणाच्या सर्व्हरला बीजक पाठवले आणि उत्तरासाठी थांबले, तर क्रमांकाच्या ओळीवरील कुलूप तेवढा वेळ लागलेलेच राहते. रियाधहून उत्तर यायला पाच सेकंद लागले, तर साऱ्या कंपनीची बीजके पाच सेकंद खोळंबतात. क्रमांक, ठसा आणि नोंद एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये उरकून कुलूप सोडावे आणि पाठवणी त्यानंतर करावी, हे यावरचे उत्तर. थेट एसक्यूएलमध्ये ट्रान्झॅक्शनचा आरंभ आणि शेवट डोळ्यांसमोर लिहिलेला असल्यामुळे ही चूक लपत नाही, एवढाच काय तो फरक.

निवड कोणतीही असो, क्रमांकाच्या स्तंभावर ‘दुसऱ्यांदा येता कामा नये’ ही अट डेटाबेसमध्येच घालून ठेवावी. प्रोग्राम बदलतात, थर बदलतात. ती अट जागेवर राहते.

दोन हजार एक प्रश्न

थराची सर्वांत प्रसिद्ध व्याधी ‘एन अधिक एक’ या नावाने ओळखली जाते. सौदीत ४ कोटी रियालांहून अधिक उलाढाल असलेल्यांना मूल्यवर्धित कराचे विवरण दर महिन्याला, इतरांना दर तिमाहीला भरावे लागते. त्यासाठी एका तिमाहीची २,००० बीजके आणि त्यांच्या मालाच्या ओळी हव्या आहेत, असे धरू. प्रोग्रामर साधा फेरा लिहितो: प्रत्येक बीजक घे, त्याच्या ओळींची बेरीज कर. थर आधी एका क्वेरीने बीजके आणतो आणि मग प्रत्येकाच्या ओळी गरज पडेल तेव्हा वेगळ्या क्वेरीने आणतो. झाल्या २,००१ क्वेरी. डेटाबेस शेजारच्या खोलीत असून एका फेरीला २ मिलिसेकंद लागत असतील, तर ४ सेकंद जातात. तोच डेटाबेस दूरच्या क्लाउडवर हलवला आणि फेरी २० मिलिसेकंदांची झाली, तर ४० सेकंद. प्रोग्रामचे एक अक्षरही बदललेले नसते. एसक्यूएलमध्ये दोन टेबले जोडून बेरीज मागितली, तर एक प्रश्न आणि एक उत्तर.

या व्याधीवरील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटी मुंबईत झाले आहे, ही गोष्ट मराठी अभियंत्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. डेटाबेसच्या अभ्यासक्रमात जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे एक सहलेखक प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांचे विद्यार्थी रवींद्र गुरवन्नवर यांनी २००८ मध्ये, फेऱ्यातून एकेक करून जाणाऱ्या क्वेरी गठ्ठ्याने पाठवता येतील अशा रीतीने प्रोग्रामच आपोआप बदलण्याची पद्धत मांडली. २०१६ मध्ये याच गटातील वेंकटेश एमानी, कार्तिक रामचंद्र आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. फेऱ्यांत लिहिलेला प्रोग्राम वाचून, त्याला नेमके कोणते एसक्यूएल अभिप्रेत होते, ते यंत्राने शोधून काढायचे. त्याच विचारधारेतून रामचंद्र व सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये केलेले काम एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत उतरले. डेटाबेसमध्ये लिहिलेली लहान फंक्शने तेथे क्वेरीच्या पोटात विरघळवली जातात. माणसाने थराच्या भाषेत लिहिलेल्यातून हरवलेले एसक्यूएल परत मिळवण्यासाठी इतकी बुद्धी खर्ची पडावी, यातच या वादाचे बरेचसे उत्तर आहे.

एसक्यूएलच्या अभिमान्यांसाठी

तरीही थेट एसक्यूएलचा अभिमान मिरवणाऱ्यांनी काही गोष्टी मान्य करायला हव्यात. व्यावसायिक प्रणालीतील बहुतांश काम नोंद उघडा, बदला, जतन करा, यादी दाखवा याच जातीचे असते. चाळीस स्तंभांच्या टेबलासाठी घालण्याची, बदलण्याची आणि वाचण्याची आज्ञा हाताने लिहिणे म्हणजे चाळीस ठिकाणी चूक करण्याची संधी. नवा स्तंभ आला की त्या साऱ्या आज्ञा पुन्हा शोधत बसायचे. येथे थराशी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट हिजरी तारखांची. सौदीत सरकारी कागदपत्रांवर हिजरी तारीख असते, आणि अधिकृत दिनदर्शिका उम्म अल-कुरा ही आहे. एसक्यूएल सर्व्हर हिजरी तारीख काढून देतो, पण ‘कुवेती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणिताने. तिच्यात आणि अधिकृत दिनदर्शिकेत एका दिवसाचा फरक पडू शकतो. पंचांगकर्त्यांच्या मतभेदामुळे एखादा सण एका गावात आज आणि दुसऱ्यात उद्या, हा अनुभव असलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. मुदत हिजरी तारखेने मोजायची असेल, तेथे मात्र तो एक दिवस महाग पडतो. जावाच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, उम्म अल-कुरा दिनदर्शिका भाषेतच आहे. म्हणून डेटाबेसमध्ये इंग्रजी तारीख ठेवावी आणि हिजरी रूपांतर प्रोग्राममध्ये करावे. येथे एसक्यूएलवर विसंबणे हीच चूक ठरते.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. वापरकर्त्याने टंकलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवला, की तो मजकूरच आज्ञा बनू शकतो. ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून २०१५ मध्ये याच वाटेने सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला. ओआरएम वापरणाऱ्याकडून ही चूक सहसा होत नाही, कारण थर आज्ञा आणि मजकूर वेगळे पाठवतो. पण हे वेगळे पाठवणे ओआरएमची मक्तेदारी नाही. थेट एसक्यूएललाही ते प्रत्येक भाषेत उपलब्ध आहे, केवळ आळस आड येतो. आणि थर म्हणजे अभेद्य तटबंदी, असेही नव्हे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल या संकेतस्थळप्रणालीत एक गंभीर दोष जाहीर झाला. तो होता डेटाबेसच्या अमूर्तीकरणाच्या थरातच, म्हणजे असे हल्ले रोखण्यासाठी बांधलेल्या भिंतीतच. घोषणेनंतर सात तासांत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे फोडली गेली असेच धरून चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा चमूने दोन आठवड्यांनी बजावले.

अरबी नावांमुळे होणारी गल्लत दोन्ही पक्षांना सारखीच भोवते. जुन्या टेबलांत अक्षरे साठवण्याचा प्रकार युनिकोड नसेल, तर अरबी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. देवनागरीचे हे हाल अनेकांनी पाहिले आहेत. उलट बाजूही आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्तंभ जुन्या प्रकारचा आणि थराने पाठवलेला शोधशब्द युनिकोडचा असेल, तर डेटाबेसला स्तंभच रूपांतरित करावा लागतो, इंडेक्स वाया जाऊ शकतो आणि क्षणात होणारा शोध सारे टेबल चाळत बसतो. मायक्रोसॉफ्टचा जावासाठीचा ड्रायव्हर मजकूर मुळात युनिकोड म्हणूनच पाठवतो. ही एक खूण बदलल्यावर प्रणाली वेगवान झाल्याचे पाहून चकित झालेले अभियंते थोडे नाहीत.

तेलविहीर आणि तिच्या फांद्या

धाहरानचे नाव ज्या विहिरीमुळे जगाला कळले, ती दम्माम क्रमांक ७ मार्च १९३८ मध्ये वाहू लागली. तेलक्षेत्राची माहिती साठवणाऱ्यांसाठी विहीर ही सरळ नोंद नसते. एका विहिरीच्या मुखातून एक छिद्र खाली जाते, मध्येच त्याला बाजूची फांदी फुटते, त्या फांदीला आणखी एक. एखाद्या फांदीचा मूळ मुखापर्यंतचा सारा मार्ग आणि त्यावरील मोजमापे मागितली, तर थर एकेक पायरी चढत प्रत्येक पायरीला नवी क्वेरी करू लागतो. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात आलेली पुनरावर्ती क्वेरी हेच काम एका आज्ञेत करते. ओरॅकलकडे तर त्यासाठी त्याही आधीपासून स्वतःची रचना आहे. वंशावळ, खात्यांची उतरंड, यंत्राच्या सुट्या भागांची यादी या साऱ्यांना हेच लागू पडते. अशा ठिकाणी थरातून वाट काढण्याच्या कसरती करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

‘उद्या डेटाबेस बदलावा लागला तर?’ हा थराच्या बाजूने हमखास येणारा युक्तिवाद. असे स्थलांतर होते, पण क्वचित, आणि झाले तरी थरामुळे सोपे होतेच असे नाही. अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्ये आपल्या ग्राहक-व्यवसाय विभागातील शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचे जाहीर केले. सुमारे ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट माहिती हलवावी लागली होती. एवढ्या पसाऱ्यात कष्ट असतात ते माहिती, वेळ आणि वर्तनातील बारीक फरक यांचे. एसक्यूएलची वाक्ये बदलणे हा त्यातला लहान भाग.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरी वाट आहे, आणि ती दिसते त्याहून अधिक रुळलेली आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या चमूने २०११ मध्ये डॅपर खुले केले: एसक्यूएल आपण लिहायचे, उत्तराच्या ओळींचे वस्तूंत रूपांतर तेवढे ते करते. जावात मायबॅटिस आणि जूक जवळपास हाच मार्ग घेतात. ई-बीजकाच्या प्रणालीसाठी साधी विभागणी पुरते. ग्राहक, माल, पत्ते, वापरकर्ते यांच्या नोंदी ओआरएमकडे. क्रमांकाची साखळी, करविवरण, मोठे अहवाल आणि एकगठ्ठा बदल थेट एसक्यूएलकडे. १ जुलै २०२० रोजी मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, तेव्हा दरपत्रकातील हजारो ओळी एका आज्ञेने बदलणे आणि हजारो वस्तू स्मृतीत आणून एकेक जतन करणे यांतला फरक अनेकांना एका रात्रीत कळला असेल. दोन्ही पद्धती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये वापरताना एक पथ्य पाळावे लागते: थराच्या स्मृतीत पडून असलेले बदल आधी डेटाबेसमध्ये उतरवून घ्यायचे, नाहीतर एसक्यूएलला जुनेच चित्र दिसते.

आखातातील नोकरीचे एक वैशिष्ट्य या निवडीवर परिणाम करते, आणि त्याचा उल्लेख तांत्रिक चर्चांत सहसा येत नाही. येथे माणसे कराराने येतात आणि करार संपला की ‘फायनल एक्झिट’ घेऊन जातात. प्रणाली मागे राहते. पुढचा माणूस केरळचा असेल, इजिप्तचा असेल, किंवा धाहरानच्याच किंग फहद विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला सौदी तरुण असेल. त्याला रूबी येत नसेल, हायबरनेटची ती विशिष्ट आवृत्ती त्याने पाहिलेली नसेल. एसक्यूएल मात्र त्याला वाचता येण्याची शक्यता सर्वाधिक. थराने आपोआप घडवलेल्या क्वेरी कोठेच लिहिलेल्या नसतात, त्या फक्त प्रणाली चालू असताना जन्मतात. त्या पाहण्याची सोय मात्र प्रत्येक थरात आहे: हायबरनेटमध्ये एक खूण केली की प्रत्येक क्वेरी नोंदवहीत उतरते, जँगो तपासणीच्या अवस्थेत त्यांची यादी ठेवते, एंटिटी फ्रेमवर्क त्या हव्या त्या फाइलीत लिहून देते. एका बीजकाच्या जन्मापासून मंजुरीपर्यंतची अशी यादी काढून तिच्यातील प्रत्येक क्वेरीचा हेतू एका ओळीत लिहिला, तर साधारण दोन दिवस जातात. जाणाऱ्याने हस्तांतराच्या कागदांत ही यादी सर्वांत वर ठेवावी, आणि येणाऱ्याने ती मागून घ्यावी.